एव्हरग्लेड्समध्ये आरव्ही नेमकी कुठे लावावी?

शेवंती
नमस्कार मंडळी. नाताळच्या सुट्टीत (२१ ते २९ डिसेंबर) दक्षिण फ्लोरिडाला जायचं घाटतंय. अटलांटाहून २८ फुटी क्लास सी आरव्ही (ट्रकच्या सांगाड्यावरचं फिरतं घर) भाड्याने घेणार. आम्ही दोघं, मुलं ९ आणि ६ वर्षांची, आणि सासू-सासरे. सासऱ्यांना झोपेत श्वास अडकू नये म्हणून रात्री सीपॅप मशीन लागतं. आजवरचं आमचं कॅम्पिंग म्हणजे तंबू, आणि तोही डोंगरात. पाणथळ जागेचा अनुभव शून्य.

एका खाजगी आरव्ही रिसॉर्टचे फोटो बघून मी जवळजवळ पैसे भरले होते. माडांची रांग, स्विमिंग पूल, सगळं कसं गोड. नवरा म्हणतो राहायचं तर एव्हरग्लेड्स या पाणथळ नॅशनल पार्कच्या आतच, नाहीतर सरळ हॉटेल घेऊ. घरात दोन तट पडलेत. डासांबद्दल जे ऐकतो ते कितपत खरं? आणि मगरी आवारात येतात का? (शेवटचा प्रश्न सासूबाईंचा. माझा नाही. बरं, थोडा माझाही.)

डांबरट
डासांबद्दल जे ऐकलंत ते खोटं आहे. प्रत्यक्षात जास्त असतात.

बगळा
शेवंती, ते फोटो आधी बंद कर. तिकडचा प्रत्येक आरव्ही पार्क फोटोत सारखाच दिसतो. फोटोत वारा दिसत नाही, डास दिसत नाहीत, आणि व्होल्टेज तर नाहीच नाही.

मी गेली सहा-सात वर्षं हिवाळ्यात तिकडे जातोय. जागा निवडताना मी तीनच गोष्टी विचारतो. महिना कुठला? रात्री वीज लागणार का? आरव्हीखेरीज हाताशी दुसरी गाडी आहे का? यांची उत्तरं मिळाली की यादीतली निम्मी नावं आपोआप गळतात.

महिन्याचं उत्तम जमलंय. साधारण डिसेंबर ते एप्रिल कोरडा हंगाम. पाणी ओसरतं, उरलेल्या डबक्यांत मासे गोळा होतात, त्यांच्यामागे पक्षी आणि पक्ष्यांमागे माणसं. गर्दी होते ती यामुळेच.

आता जमीन. पार्कातल्या मुख्य रस्त्यावर एक पाटी आहे: रॉक रीफ पास, उंची ३ फूट. लोक हसून फोटो काढतात आणि पुढे जातात. पण तिथला सगळा भूगोल त्या पाटीत आहे. तिथे डोंगर-दरीचा फरक नसतो, फूट-दोन फुटांचा असतो. चुनखडीचा दगड जरा वर आला की पाइनचं रान. फूटभर खाली गेलात की करवतीसारख्या पात्यांचं गवत आणि वर्षातले कितीतरी महिने त्यातून सरकणारं पाणी. आणखी खोलगट जागी सायप्रस. खारं पाणी लागलं की तिवरं. आपली आरव्ही यातल्या कुठल्या पट्टीवर उभी राहणार, तेवढं नकाशात बघायचं. सॅटेलाइट चित्रात गर्द हिरवी, गुंतागुंतीची कड दिसली की ती खारफुटी, आणि तिला लागून असलेली साइट मी फुकट दिली तरी घेत नाही.

तुझ्यासाठी खरे पर्याय तीन.

लाँग पाइन की: होमस्टेडकडच्या फाटकापासून सात मैलांवर. नावातल्या 'की'वर जाऊ नकोस, समुद्रातलं बेट नाही, पाइनची कोरडी पट्टी आहे. माझी सर्वात लाडकी जागा. साइट ऐसपैस, रात्री आकाश काळंभोर. पण वीज नाही.

फ्लेमिंगो: रस्ता संपतो तिथे, फाटकापासून ३८ मैल, फ्लोरिडा बेच्या काठावर. काही साइटना वीज आहे, त्या सगळ्यात आधी जातात. मरीनामध्ये मॅनेटी (संथ, अवाढव्य जलचर) आणि क्रोकोडाइल दोन्ही दिसतात, मुलं खूश. डास तिन्हींमध्ये सर्वाधिक.

मिडवे: हे नॅशनल पार्कात नाही, शेजारच्या बिग सायप्रस नॅशनल प्रिझर्व्हमध्ये, टामियामी ट्रेलवर म्हणजे यूएस ४१ वर. आरव्हीच्या साइटना वीज, मध्यभागी तळं, डंप स्टेशन (गाडीतलं सांडपाणी रिकामं करायची जागा). नॅशनल पार्काचा उत्तरेकडचा भाग, शार्क व्हॅली, साधारण अर्ध्या तासावर. तोटा एकच, हायवे कानाशी.

खेकडा
बगळासाहेबांच्या व्होल्टेजच्या मुद्द्याला माझी भर, कारण ते मी भोगलंय.

पार्क खाजगी, नाव घेत नाही. मार्चची अखेर, गरम हवा. ३० अँपिअरची साइट. दुपारी पोहोचलो तेव्हा मीटरवर १२१ व्होल्ट. पाचच्या सुमाराला आजूबाजूचे सगळे बीचवरून परतले आणि एकेकाचा एसी सुरू झाला. आमच्या आरव्हीला लावलेल्या संरक्षक यंत्राचा आकडा मी स्टूल टाकून बघत बसलो होतो. ११२. १०८. १०५. १०३. टक्. १०४ च्या खाली गेलं की ते वीज तोडतं, म्हणजे एसीचा कॉम्प्रेसर जळत नाही. थोड्या वेळाने परत जोडतं. परत टक्. मध्यरात्रीपर्यंत हेच चाललं. ऑफिसात सांगितलं तर म्हणाले, तुमच्याच गाडीत दोष असेल. शेजारच्या तिघांच्या गाड्यांतही तोच दोष होता म्हणायचा.

तेव्हा 'फुल हुकअप' (साइटवरच वीज, पाणी, ड्रेनेज) हे शब्द वाचून हुरळून जाऊ नका. गर्दीच्या दिवसांत संध्याकाळी व्होल्टेज टिकतं का, एवढं रिव्ह्यूमध्ये शोधा.

आणि हिशेब डोक्यात ठेवा. ३० अँपिअर गुणिले १२० म्हणजे ३६०० वॅट. एसी साधारण १५००, मायक्रोवेव्ह तितकाच, पाणी तापवायचं विजेवर ठेवलं तर आणखी १४०० च्या आसपास. तिन्ही एकदम चालू केले की ब्रेकर पडलाच. आमच्याकडे नियम आहे: इलेक्ट्रिक कुकर लावायचा तर आधी ओरडून सांगायचं. ५० अँपिअरच्या जोडणीत १२,००० वॅट मिळतात, पण तुमची भाड्याची गाडी ३० चीच असेल तर महागडी ५० ची साइट घेऊन उपयोग शून्य.

शेवंती
बापरे, हे सगळं फोटोत खरंच नव्हतं.
बगळा, लाँग पाइन कीचं वर्णन वाचून तिथेच जावंसं वाटतंय, पण सीपॅपचं काय? जनरेटर रात्रभर लावता येईल का?

बगळा
नाही. शांततेच्या वेळेत जनरेटर बंद, आणि ते बरंच आहे. तिथे लोक घुबड ऐकायला येतात.

निवांतकाका
सूनबाई, मी स्वतः सीपॅपवाला आहे, वय ७१, तेव्हा हे अनुभवाचे बोल समजा.

मशीनला १२ व्होल्टची डीसी वायर वेगळी मिळते, ती घ्या. बॅटरीची डीसी वीज इन्व्हर्टरमधून घरच्यासारखी एसी करून पुन्हा मशीनच्या अडॅप्टरने डीसी करण्यात बॅटरी वाया जाते. दुसरं, मशीनमधला पाणी तापवणारा ह्युमिडिफायर आणि गरम नळी बंद ठेवा. खरी वीज तेच खातात. तिकडच्या दमट हवेत मला तरी त्याची गरज वाटली नाही, पण सासऱ्यांच्या डॉक्टरांना विचारा. हे बंद करून माझी एक मोठी लिथियम बॅटरी दोन रात्री आरामात काढते. घरी एक रात्र बॅटरीवर झोपून बघा आणि मगच निघा. जंगलात प्रयोग नको.

सासऱ्यांचं ग्रीन कार्ड असेल आणि वय ६२ च्या पुढे असेल तर सीनियर पास काढा. तो दाखवला की गाडीतल्या सगळ्यांचा प्रवेश होतो, नाहीतर एव्हरग्लेड्सला गाडीमागे सात दिवसांचे ३५ डॉलर आहेत.

याच पासावर आणखी एक जागा सुचवतो, जिचं नाव कुणी घेत नाही. ओकिचोबी तळ्यातून दोन्ही समुद्रांकडे जो जलमार्ग काढलाय, त्यावर आर्मी कोअर ऑफ इंजिनियर्सची तीन कॅम्पग्राउंड आहेत: डब्ल्यू. पी. फ्रँकलिन, ऑर्टोना आणि सेंट लुसी. लॉकशेजारी, म्हणजे पाण्याची पातळी बदलून बोटी पलीकडे सोडणाऱ्या दारांशेजारी. वीज, पाणी, स्वच्छ न्हाणीघरं, आणि पासावर भाडं निम्मं. एव्हरग्लेड्सपासून लांब आहेत, पण अटलांटाहून उतरताना पहिला मुक्काम म्हणून झकास. नातवंडांना लॉकमधून बोटी वर-खाली होताना दाखवा. मी दोन तास उभा होतो, आणि मी तर नातू नाही.

केवडा
डासांवर सगळे बोलतात, नो-सी-अमवर कुणीच नाही! चिलटाहूनही बारीक, दिसतच नाहीत, चावल्यावर कळतं. आरव्हीच्या खिडकीची साधी जाळी त्यांच्यासाठी उघडं दार आहे. आत दिवा लावून खिडकी उघडी ठेवलीत की संपलं. माझ्या मुलीच्या पोटऱ्यांवर एका संध्याकाळी मी त्रेसष्ट गांध्या मोजल्या आणि मोजणं सोडून दिलं.

उपाय वारा. त्यांना वाऱ्यात उडता येत नाही. त्यामुळे झाडांच्या कुशीतली 'छान सावलीची' साइट तिकडे छान नसते. मोकळ्यावरची, खाडीकडून वारा येईल अशी घ्या. दाराबाहेर बसायचं असेल तर टेबलाखाली पंखा, पायांवर झोत. जाळीचा तंबू घेणार असाल तर नो-सी-अम मेश असं स्पष्ट लिहिलेला. आणि पहाटे व तिन्हीसांजेला खारफुटीजवळ फिरायला जायचं नाही, पक्षी कितीही सुंदर असोत.

बगळा
केवडाशी शंभर टक्के सहमत. डासांचंही एक गणित आहे. खाजणातले काळे डास अंडी पाण्यात घालत नाहीत, ओल्या मातीत घालतात. मग पाऊस किंवा मोठी भरती आली की सगळी एकदम उबतात आणि आठवड्याभरात फौज तयार. म्हणून निघण्याआधी पुढच्या आठवड्याचा अंदाज बघताच, तसा मागच्या दहा दिवसांचा पाऊसही बघा. फ्लेमिंगोच्या माहिती केंद्रात डासमापक म्हणून काट्याचा फलक आहे. त्याची सर्वात वरची पायरी 'हिस्टेरिकल'. गंमत म्हणून लावलाय असं आधी वाटतं.

रिव्ह्यूसुद्धा महिना बघून वाचा. 'एकही डास नाही, स्वर्ग!' हे जानेवारीत लिहिलेलं असतं आणि 'कधीही जाऊ नका' हे जुलैत. दोघंही खरं बोलत असतात.

भिरभिरं
गिधाडांबद्दल कुणीच कसं बोललं नाही? रॉयल पामच्या पार्किंगमध्ये (अन्हिंगा ट्रेल तिथूनच सुरू होते) काळी गिधाडं गाड्यांचं रबर उपटतात. वायपर, काचेभोवतीच्या पट्ट्या, आरव्हीच्या छतावरचं सील, काहीही. पार्कवाल्यांनी तिथे ताडपत्र्या आणि आकड्यांचे रबरी पट्टे ठेवलेत, फुकट वापरायचे आणि परत ठेवायचे. आम्हाला वाटलं दहा मिनिटांत येतो, कशाला. परत आलो तर एक महाशय बॉनेटवर, चोचीत आमचा वायपर, आणि नजर अशी की जणू आम्हीच त्याच्या घरात घुसलोय.

२८ फुटी गाडी त्या ताडपत्रीत मावणार नाही, पण समोरची काच आणि वायपर तरी झाका.

शेवंती
@भिरभिरं, वायपरवरून आठवलं: दुसऱ्या गाडीचं काय? बगळांनी सुरुवातीला विचारलं होतं. आमच्याकडे फक्त आरव्ही.

खेकडा
मग फ्लेमिंगोला राहून रॉयल पामला जायचं म्हणजे दर वेळी वीज काढा, लेव्हलिंगचे ठोकळे उचला, कपाटं बंद करा आणि तीसेक मैल हाका. दोन दिवसांत वैताग येतो. एकतर होमस्टेडहून छोटी गाडी भाड्याने घेऊन नवऱ्याने मागून चालवत आणायची, नाहीतर मुक्काम बदलत जायचं. सहा माणसं आहात, मी छोटी गाडी घेईन.

टाक्यांचंही बघा. सहाजण म्हटल्यावर सांडपाण्याची टाकी दोन दिवसांत भरते. पार्कात साइटवर ड्रेनेजची जोडणी नसते, डंप स्टेशनवर जावं लागतं. भांड्यांचं पाणी 'साबणाचंच तर आहे' म्हणून जमिनीवर सोडायचं नाही, दंड होतो आणि रॅकून येतात.

मैना_फोमा
फोर्ट मायर्सकडून लिहितेय. स्टेट पार्कांबद्दल: फ्लोरिडात राहणाऱ्यांना ११ महिने आधी बुकिंग करता येतं, बाहेरच्यांना १० महिने आधी. २०२४ पासून हा नियम आहे. म्हणजे कीजमधल्या (दक्षिण टोकाच्या बेटांवरच्या) बाहिया होंडासारख्या जागा बाहेरच्यांसाठी खिडकी उघडायच्या आधीच बऱ्याचशा गेलेल्या असतात. पण निराश होऊ नका, रद्द झालेल्या साइट पुन्हा दिसतात. रविवार ते बुधवार अशा मोडक्या रात्री शोधा.

बाहिया होंडाला गेलात तर बेसाइडच्या साइट घेऊ नका. तिथे जाताना पुलाखालून जावं लागतं आणि आरव्ही त्याखालून जात नाही. दरवर्षी कुणीतरी खात्री करून घेतो.

नेपल्सच्या बाजूने कोलियर-सेमिनोल स्टेट पार्कही आहे, यूएस ४१ वरच. दाराशी जुनं 'चालतं' ड्रेजर ठेवलंय, टामियामी ट्रेल खणायला वापरलेलं (तो रस्ता १९२८ मध्ये पुरा झाला). मुलांना आवडेल. डास मात्र, असो, डांबरट यांनी सांगितलंच आहे.

आणि चक्रीवादळं विसरू नका. इर्मा २०१७ ला कीजमध्ये, इयन २०२२ ला आमच्या दारात. कित्येक कॅम्पग्राउंडचे नकाशे त्यानंतर बदलले. पाच वर्षांपूर्वीच्या ब्लॉगवर साइट नंबर बघून बुक करू नका. आमच्या गल्लीतल्या एका पार्कची जाहिरात अजून वादळाआधीच्या फोटोंवर चालू आहे. तुम्ही म्हणता ते रिसॉर्ट तेच नसो.

निवांतकाका
खाजगी रिसॉर्टवाल्यांना फोन करताना दोन प्रश्न नक्की. ५५ वर्षांवरच्यांसाठीच आहे का? तिकडे अशी पुष्कळ आहेत, मुलं दोन तासांपलीकडे पूलमध्ये दिसली की भुवया चढतात. आणि दहा वर्षांहून जुनी गाडी घेतात का? भाड्याच्या गाडीला सहसा अडचण नाही, पण विचारलेलं बरं.

सासूबाईंना आरव्हीत झोप लागणार नसेल तर फ्लेमिंगोला लॉजही आहे. जुना लॉज २००५ मध्ये कतरिना आणि विल्मा या चक्रीवादळांनी घालवला, नवा उभा राहायला २०२३ उजाडलं. जहाजाच्या कंटेनरांपासून बांधलाय, जमिनीपासून उंचावर. थोरले तिथे, धाकटे कॅम्पग्राउंडवर, सकाळी चहाला एकत्र. आमच्या घरी हा तोडगा चालला.

देवबाभूळ
लाँग पाइन कीला जाणाऱ्यांसाठी एक सूचना, कारण यावर कुणी लिहीत नाही. तिथल्या रानात पॉइझनवुड सर्रास आहे. सालीवर काळे, तेलकट डाग, जणू कुणी डांबर शिंपडलंय. आपल्या बिब्ब्याच्याच कुळातलं, आणि उततंही तसंच. पावसात त्याखाली उभं राहायचं नाही, झोपाळा बांधायचा नाही, मुलांना काठ्या गोळा करू द्यायच्या नाहीत. माझ्या मेव्हण्याने हॅमॉक बांधला होता. दोन आठवडे पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून ऑफिसला जात होता.

शेवंती
म्हणजे डास, चिलटं, गिधाडं, बिब्बा. सासूबाईंचा मगरीचा प्रश्न आता किरकोळ वाटू लागलाय, तरी कुणी उत्तर देईल का?

बगळा
हो, येतात. मिडवेच्या तळ्याकाठी ऊन खात पडलेले असतात. तिथे अॅलिगेटर असणार असं धरूनच चाल. रुंद, गोल नाक आणि काळपट रंग म्हणजे अॅलिगेटर; निमुळतं तोंड, करडा रंग आणि मिटल्या तोंडातूनही खालचा दात दिसला तर क्रोकोडाइल. दोघंही रानात एकत्र राहतात अशी जागा दक्षिण फ्लोरिडाच. माणसाच्या वाटेला ते सहसा जात नाहीत, पण खायला घातलं की माणूस म्हणजे खाणं हे शिकतात. म्हणून तिथे खायला घालणं हा गुन्हा आहे. पाण्याच्या काठापासून मुलं लांब, संध्याकाळनंतर तर नक्कीच. सहा वर्षांच्या पोराला तळ्याकडची साइट देऊ नकोस, रस्त्यापलीकडची घे. सासूबाईंना सांग, अन्हिंगा ट्रेलवर पंधरा-वीस एकदम बघितले की भीती जाते, कंटाळा येतो.

डांबरट
अवांतर: होमस्टेडच्या आसपास रेडलँडमध्ये चिकू, आंबा, फणस पिकतात. फळांच्या टपऱ्या शोधा. चिकूला तिकडे सॅपोडिला म्हणतात. परदेशात चिकू मिळाल्यावर माझ्या आईने विक्रेत्याला मिठी मारली होती.

हुप्प्या
आम्हाला जुलैतच सुट्टी मिळते. जुलैत चालेल का?

केवडा
नाही.

खेकडा
नाही.

मैना_फोमा
इथे राहून सांगते, नाही. रोज दुपारी वीज-वादळ, साइटवर घोट्याएवढं पाणी, आणि एसी बंद पडला तर देव आठवतो. वादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. उत्तरेला डोंगरात जा.

शेवंती
ठरलं! पहिली रात्र ऑर्टोना (निवांतकाका, सासरे लॉकच्या नावाने आत्ताच खूश आहेत). मग मिडवे तीन रात्री, रस्त्यापलीकडची साइट मिळाली. मग लाँग पाइन की दोन रात्री, सीपॅप बॅटरीवर. घरी चाचणी घेतली, सकाळी बॅटरी ५८ टक्के शिल्लक. फ्लेमिंगो दिवसा जाऊन येणार. छोटी गाडी होमस्टेडहून. रिसॉर्टला नाही कळवलं. दोन्ही तट तूर्त शांत.

शेवंती (जानेवारी)
आलो परत, सगळे शाबूत. थोडक्यात लिहिते, कपड्यांचा डोंगर वाट बघतोय.

मिडवेला दुसऱ्या दिवशी उत्तरेकडून थंड वारा सुटला. रात्री ९ अंशांपर्यंत उतरलं आणि डास जणू कुणी बटण दाबून बंद केले. एसी लागलाच नाही, उलट हीटर लावला! वीज घेऊन ठेवली ती सासऱ्यांच्या मशीनला आणि इडलीला कामी आली. केवडा म्हणाली तो पंखा मात्र फ्लेमिंगोला आणायला विसरलो आणि वीस मिनिटांत गाडीत पळालो. तेवढ्यात सासूबाईंनी क्रोकोडाइल बघितला, दात मोजून खात्री केली आणि म्हणाल्या, "नाक निमुळतं आहे, हा दुसरा."

लाँग पाइन कीबद्दल बगळा जे म्हणाले ते सगळं खरं. पहिल्या रात्री घुबड ऐकू आलं. दुसऱ्या रात्री शेजारच्यांचं घोरणं. सीपॅपची किंमत कळली.

भिरभिरं, तुमचं ऐकून रॉयल पामला काच झाकली. आमचे वायपर वाचले. शेजारच्या गाडीचे नाही. फक्त घरी येऊन सामान उपसलं तर धाकट्याच्या बॅगेत त्यांचा एक रबरी पट्टा निघाला, आकड्यासकट. पाकिटात घालून पार्कला पोस्टाने पाठवतेय.

भिरभिरं
आकड्यांवर कागद गुंडाळ, पाकीट फाटतं. कसं माहीत, ते विचारू नकोस.